राहणाऱ्याच्या नजरेने

सुनंदाताईंची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. कोरेगाव, वाई, फलटण, कराड. जिथे बदली तिथे भाड्याची खोली. कराडची मालकीण सकाळी आठ वाजले की टाकीचा कॉक बंद करायची, मग रात्रपाळी करून आलेल्या नर्सने अंघोळ कशी करायची हा प्रश्न तिचा नव्हता. फलटणच्या मालकांनी निघताना डिपॉझिटमधून रंगाचे, खिळ्यांचे, अगदी दाराच्या कडीचेही पैसे कापले. वाईला मात्र एक वृद्ध गृहस्थ भेटले. दरवर्षी मे महिन्यात स्वतः शिडी लावून कौलं चाळायचे. भाडं गावापेक्षा थोडं जास्तच होतं, तरी सुनंदाताई वाईत असेपर्यंत त्यांनी दुसरी खोली पाहिली नाही.

२०२४ साली त्या निवृत्त झाल्या. फंड, ग्रॅच्युइटी, विकलेली पेन्शन आणि साताऱ्यात कधीकाळी घेऊन ठेवलेला एक प्लॉट विकून आलेले पैसे, असे मिळून ७५ लाख हाताशी आले. महिन्याची पेन्शन चालू होतीच, आणि राहायला शाहूपुरीतलं सासऱ्यांचं जुनं घर होतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. पैशाचं काय करायचं, हे त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं.

भाचा प्रसाद हिंजवडीत नोकरीला. मुलगा सरळ, आत्यावर जीव असलेला. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन साताऱ्याला आला.

"आत्या, बँकेत पैसे ठेवून कोणी मोठं झालेलं नाही. पुनावळ्यात नवी स्कीम आहे. टू बीएचके, ६४ लाख. तू एक नाही, दोन घे."

"दोन? अरे, पैसे कुठून आणू?"

"निम्मे तुझे, निम्म्याचं कर्ज आपण माझ्या नावाने काढू. मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून एक फ्लॅट पडतो ६८ लाख ७८ हजाराला. एकेकावर ३२ लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता पावणेअठ्ठावीस हजार. भाडं २५ हजार. म्हणजे घरामागे पावणेतीन हजार खिशातून घालायचे, बाकी सगळं भाडेकरू फेडतो. आणि बिल्डर पहिल्या दोन वर्षांच्या भाड्याची हमी देतोय, लेखी."

सुनंदाताईंनी आकडे वहीत उतरवून घेतले. मग विचारलं, "तिथे राहायला कोण येणार?"

"आयटीवाले. आणखी कोण?"

"ते तुझ्यासारखेच ना? मग तू का नाही राहत पुनावळ्यात?"

प्रसाद वाकडला भाड्याने राहत होता. तो हसला आणि म्हणाला, "एकदा बघायला तर चल."

त्या गेल्या. सॅम्पल फ्लॅट झकपक होता. सुनंदाताईंनी तो पाहिला, चहा घेतला, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि चटई क्षेत्र लिहून घेतलं, पूर्णत्वाचा दाखला मिळालाय का ते विचारलं. मिळाला होता, त्यामुळे जीएसटी लागणार नव्हता. इथपर्यंत सगळं ठीक. पण रात्री जेवण झाल्यावर त्यांनी प्रसादला पुन्हा गाडी काढायला लावली.

"आत्ता? ऑफिस बंद असेल."

"ऑफिस बंद असू दे. माणसं घरी असतील."

पहिल्या दोन टॉवरचा ताबा देऊन दीड वर्ष झालं होतं. सुनंदाताई रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून खिडक्या बघू लागल्या. रात्रीचे साडेनऊ, माणसं घरात असण्याची वेळ, आणि निम्म्याहून जास्त खिडक्या अंधारात. कपडे वाळत घातलेल्या बाल्कन्या उजेड असलेल्या खिडक्यांहूनही कमी. फाटकावरचा वॉचमन लातूरकडचा होता. त्यांनी गावाची चौकशी केली, तसा तो मोकळा झाला. "ताई, मालक इथं राहतेत कुठं? समद्यांनी भाड्यानं द्यायलाच घेतल्यात." त्याने रजिस्टरचं मागचं पान उलटून दाखवलं. भाड्याने द्यायच्या फ्लॅटची यादी पान भरून खाली गेली होती. कोविडच्या वर्षी तो शेजारच्या सोसायटीत कामाला होता. घरून काम सुरू झालं तशी तिथली पोरं महिनाभरात सामान बांधून आपापल्या गावी गेली आणि फ्लॅट कितीतरी दिवस कुलपात राहिले, हेही त्यानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या परत तिथे होत्या. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी येतं, हे प्रसादला माहीत होतं. त्या पाण्यावर इतक्या मजल्यांचं भागत नाही, हे फाटकाशी लागलेल्या टँकरच्या रांगेने दाखवलं. त्या टँकरचं बिल देखभालीच्या वर्गणीत जातं. मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला आलेल्या एका बाईशी सुनंदाताई बोलत उभ्या राहिल्या. ती भाडेकरू होती. भाडं किती देता, या प्रश्नाला तिने सहज उत्तर दिलं: २१ हजार. तिच्याच मजल्यावरचे एक मालक आपला फ्लॅट ५८ लाखांना विकायला काढून बसले होते.

तसाच फ्लॅट, ताबा मिळालेला, ५८ लाखांना. बिल्डरचा ६४ लाखांना. मधले सहा लाख कशाचे? सुनंदाताईंनी वहीत गुणाकार केला. २५ हजार गुणिले २४ महिने, बरोबर सहा लाख. दोन वर्षांचं हमीचं भाडं फ्लॅटच्या किमतीत आधीच घालून ठेवलं होतं. आपलेच पैसे बिल्डर महिन्याला थोडेथोडे करून परत देणार, आणि हमी संपली की बाजारातलं भाडं २१ हजार.

ही अशी लेखी हमी पाहून भलेभले शिकलेले लोक भुलतात. हमी खोटी असते असंही नाही, भाडं अगदी तारखेला जमा होतं. म्हणूनच तिचा मोह जास्त.

त्या रात्री आत्या आणि भाचा जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले. "२५ हजारच धरू," सुनंदाताई म्हणाल्या, "बिल्डरचाच आकडा. वर्षाचे तीन लाख. आता देखभाल किती?"

"महिना ४,२०० सांगितलीय."

"वर्षाचे ५०,४००. ती मालकालाच भरायची ना?"

"साधारण मालकच भरतो."

"मिळकतकर १५ हजार धर. वर्षात एक महिना घर रिकामं धर, २५ हजार. एजंटला पंधरा दिवसांचं भाडं, साडेबारा हजार. नळ, गीझर, रंग याला दहा हजार."

"आत्या, एक महिना रिकामं कशाला धरायचं?"

"मी इतकी वर्षं भाड्याने राहिले. माझी बदली व्हायची तेव्हा मालकाला विचारून होत नव्हती."

बेरीज आली १,१२,९००. हातात राहिले १,८७,१००. पावणेएकोणसत्तर लाख घालून वर्षाला पावणेदोन-दोन लाख, म्हणजे पावणेतीन टक्केही नाहीत. एका फ्लॅटच्या कर्जाचे वर्षाचे हप्ते मात्र ३,३३,३१२. दर घरामागे १,४६,२१२ रुपये कमी पडत होते. दोन घरांचे मिळून वर्षाला २,९२,४२४. प्रसादने मोबाईलवर बाराने भागलं आणि थोडा वेळ काही बोलला नाही. महिन्याला साडेपाच हजार घालायचे म्हणून तो साताऱ्याला सांगून आला होता. आकडा चोवीस हजारांच्या वर जात होता.

"व्याजावर करात सूट मिळते," तो म्हणाला.

"भाड्याच्या उत्पन्नापुरती. तू नव्या करप्रणालीत आहेस ना? मग घराचा तोटा तुझ्या पगारातून वजा होत नाही. माझ्या सीएने सांगितलंय."

"पण भाव वाढेल की."

"वाढेलही. वाढला तर विकल्यावर हातात येईल, आणि तेव्हा विकायला याच यादीतले सगळे उभे असतील. हप्ता मात्र पाच तारखेला जाणार. आणि प्रसाद, साडेआठ टक्क्यांनी आणलेले पैसे पावणेतीन टक्क्यांवर लावायचे, याला तू आधार कशाचा देतोस? फक्त भाव वाढेल याचा. शिवाय दोन्ही घरं एकाच इमारतीत. तिथे पाणी तुटलं, कंपन्यांनी पुन्हा घरी पाठवलं, तर दोन्ही एकदम रिकामी."

कर्ज काढून भाड्यासाठी घर घेऊच नये असं मी म्हणणार नाही. ज्याचा पगार मोठा आहे, हाताशी वर्षभराचे हप्ते बाजूला आहेत आणि वीस वर्षं थांबायची तयारी आहे, त्याचं गणित निराळं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, भाच्याच्या नावावर कर्जाचं ओझं टाकून, खिशातून महिन्याला चोवीस हजार भरायचे, हे मात्र कुणालाही करू देऊ नये.

सुनंदाताईंनी पहिलं काम केलं ते पोस्टात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. तेव्हाचा व्याजदर ८.२ टक्के, म्हणजे दर तीन महिन्यांनी ६१,५००. पेन्शन आणि हे व्याज यात त्यांचं भागत होतं. घराचा विचार त्यांनी त्यानंतर केला, उरलेल्या पैशांतून.

आता त्यांनी शोध उलट्या बाजूने सुरू केला. आधी राहणारी माणसं, मग घर. ज्यांना कुठल्याही वर्षी, कुठल्याही मंदीत घर लागतंच अशी माणसं कुठे आहेत? कॉलेजात शिकवणारे, दवाखान्यात काम करणारे, मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबं. असं करत त्या कर्वेनगरला पोचल्या. तीन मजली इमारत, १९९४ ची, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके. मालक जोडपं बंगळुरूला मुलाकडे कायमचं निघालेलं. मागणी ४१ लाखांची.

घर पाहायला एजंट आणि प्रसाद दोघेही होते. सुनंदाताई आत गेल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचा, न्हाणीघराचा आणि संडासाचा नळ एकदम सोडला. धार बारीक होते का ते पाहिलं. ओट्याशी उभं राहून हात वर करून मांडणीपर्यंत पोचतोय का बघितलं. दुपारचे दोन वाजले होते. त्यांनी सगळे दिवे घालवले. मागच्या गॅलरीत दोऱ्या बांधायला हुक होते, आणि ऊन होतं. मग त्या न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीशी गेल्या. तिथे नवं कपाट लावलेलं होतं. त्यांनी कपाटाच्या मागे हात घातला आणि ताप बघतात तसा हाताचा मागचा भाग भिंतीला टेकवला.

"ओल आहे," त्या म्हणाल्या.

मालक गप्प राहिले. त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "दोन पावसाळे झाले. फरशी काढून सगळं करायला हवं."

ती बाई खरं बोलली हे सुनंदाताईंना मोलाचं वाटलं. भाव मात्र त्यांनी ओलीसकट केला: ३८ लाख.

त्याआधी त्यांनी कागद मागितले होते. इंडेक्स टू, आधीच्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढला. सेक्रेटरींना भेटून विचारलं की जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का. झाली होती, बिल्डरने करून दिलं नव्हतं म्हणून सोसायटीने मानीव अभिहस्तांतरण करून घेतलं होतं. पुनर्विकासाची चर्चा सभेच्या वृत्तांतात दोनदा आली होती. प्रसादला तेवढ्याने हुरूप आला. सुनंदाताईंनी तो विषय हिशेबात धरला नाही. झाला तर झाला, पण तो होईपर्यंत भाडं थांबतं की बिल्डर देतो, किती देतो, यावर आज काही ठरवता येत नाही.

मिळकतकराची पावती पाहून त्यांनी एक प्रश्न विचारला आणि एजंटही चमकला. पावती ४,८०० ची होती. "यात चाळीस टक्के सवलत धरलीय ना?" पुणे महापालिका ही सवलत मालक स्वतः राहत असेल तर देते. घर भाड्याने गेलं की सवलत जाते. म्हणजे सुनंदाताईंना साधारण आठ हजार भरावे लागणार होते. भाड्याचं घर घेणारे कितीतरी लोक विकणाऱ्याचीच पावती आपली समजून चालतात.

वहीत नवं पान झालं. ३८ लाख किंमत. स्त्रियांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट असल्यामुळे सहा टक्क्यांनी २ लाख २८ हजार, नोंदणी ३० हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार, वकील १५ हजार, फरशी-वॉटरप्रूफिंग-वायरिंग १ लाख २० हजार. एकूण ४२ लाख १८ हजार. भाडं १६ हजार, वर्षाचं १ लाख ९२ हजार. त्यातून देखभाल १४,४००, घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते बिनवापर शुल्क १,४४० (सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त ते घेता येत नाही), कर ८,०००, एक रिकामा महिना १६,०००, दुरुस्ती १०,०००. उरले १,४२,१६०.

प्रसादने भागाकार केला. "आत्या, हेही साडेतीन टक्क्यांना पोचत नाही. मग घेतेस कशाला?"

"यावर जगायचं असतं तर घेतलं नसतं. पोस्टाचं व्याज पाच वर्षांनी सरकार ठरवेल ते. तोवर आकडा एकच. भाडं दरवर्षी थोडं वाढतं. मी पंच्याहत्तरीची होईन तेव्हा दहा वर्षांपूर्वीच्या व्याजावर मला औषधं घ्यायची नाहीत. आणि या घरावर कुणाचं कर्ज नाही, घर रिकामं राहिलं तरी मला झोप लागेल."

सोसायटीत एक अडचण निघाली. कमिटीतल्या एका गृहस्थांनी सांगितलं, फक्त कुटुंबाला द्या, एकट्या मुली नकोत. सुनंदाताईंनी वाद घातला नाही. उपविधीत असा नियम कुठे आहे तेवढं विचारलं, आणि दुरुस्ती चालू असताना रोज त्या गृहस्थांना भेटत राहिल्या. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी एक मुलगी आणि तिची आई घर बघायला आल्या तेव्हा त्यांना आधी त्या गृहस्थांकडे घेऊन गेल्या. पुढे तो प्रश्न उरला नाही.

करार मात्र त्यांनी तोंडी किंवा नुसत्या स्टॅम्पपेपरवर केला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरून कोर्ट सुरुवात करतं. खर्च तरी केवढा? एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी. लाखांचं घर घेऊन एवढ्यासाठी कंजूषी करणाऱ्या मालकांची मला काळजी वाटते. त्याच करारात सुनंदाताईंनी स्वतःहून एक पान जोडलं. निघताना डिपॉझिटमधून काय कापता येईल आणि काय नाही, त्याची यादी. खिळ्यांची भोकं 'नाही'च्या रकान्यात होती.

प्रसादचंही घर झालं. पुनावळ्यातलाच तो ५८ लाखांचा फ्लॅट. आत्या बरोबर गेली आणि घासाघीस करून साडेछप्पनला बसवला. तो त्यात स्वतः राहतो. ऑफिस गाडीने वीस मिनिटांवर, वाकडचं भाडं वाचलं, एक दिवसाआडच्या पाण्याचं त्याने जमवून घेतलं. स्वतः राहणाऱ्याला ते घर परवडत होतं.

अकरा महिने झाले तेव्हा एजंटचा फोन आला. "मॅडम, एरियात रेट अठरावर गेलाय. यांना पाठवा, मी दुसरी पार्टी देतो." सुनंदाताई त्या मुलीशी बोलल्या. तिला १६,८०० जमत होते. वही पुन्हा उघडली. १८ हजारांत आणि १६,८०० त फरक महिन्याला १,२००, अकरा महिन्यांचे १३,२००. नवा भाडेकरू येईपर्यंत एक महिना जरी गेला तर १८ हजार बुडाले, वर एजंटची दलाली आणि रंग. शिवाय या मायलेकींनी पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर बारीकशी ओल दिसताच त्याच संध्याकाळी फोटो पाठवला होता, म्हणून दीड हजारात काम भागलं होतं.

"करार १६,८०० चा टाका," त्यांनी एजंटला सांगितलं. "आणि तुम्ही अंगठ्याचं मशीन घेऊन याल त्या दिवशी प्लंबरलाही बोलावते. गीझर चार दिवस नीट तापत नाहीये म्हणे."